वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं : सेंट लूशियात रिसॉर्ट बघायला जायचंय

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की फेब्रुवारीत नऊ दिवस कॅरिबियनमधल्या सेंट लूशियाला जाऊन आले, ओळखीतल्या दोन कुटुंबांच्या गेट-टुगेदरसाठी रिसॉर्ट बघायची होती, अकरा बघितली, आणि मधल्या वेळात बेटही फिरले. त्यावर इतकी पत्रं आली की नेहमीचे प्रश्न यावेळी बाजूला ठेवलेत. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, पुढच्या वर्षी आमच्या लग्नाला ५० वर्षं होतील. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी टोरांटोला, आम्ही इथे, सगळे मिळून १४ जण, त्यात चार नातवंडं. मुलाने सेंट लूशियाचं एक रिसॉर्ट शोधलंय, फोटो फार सुंदर आहेत, समोर डोंगराचे दोन सुळके दिसतात. तो म्हणतो बुक करून टाकू. ह्यांचे गुडघे दुखतात म्हणून मला धाकधूक वाटते. काय करू? (एक वाचक, नाशिक)

काकू, आधी तुम्हा दोघांना मनापासून शुभेच्छा. आणि मुलाला सांगा, बाबा जरा थांब, लगेच पैसे भरू नकोस. सेंट लूशिया नकाशावर इवलंसं दिसतं, उत्तर-दक्षिण जेमतेम ४३ किलोमीटर, पण बेट ज्वालामुखीतून झालेलं आहे, बराचसा भाग नुसता चढ-उतार. त्यामुळे कुठलं रिसॉर्ट हे नंतर, आधी कुठली बाजू ते ठरवा, बाजू ठरली की निम्मी यादी आपोआप गळते.

ते दोन सुळके म्हणजे ग्रो पिटॉन आणि पेटी पिटॉन, नैऋत्येला सूफ्रिएर गावाजवळ, दोन्ही सातशे मीटरच्या वर, थेट समुद्रातून उभे राहिलेले. २००४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेले. म्हणजे मुलाने बघितलेलं रिसॉर्ट त्याच बाजूचं असणार. तिथली बरीच रिसॉर्ट डोंगराच्या अंगावर बांधलीयत, खोली वर, समुद्र खाली आणि मधे पायऱ्या. एका ठिकाणी मी मोजल्या, जेवणाच्या जागेपासून दाखवलेल्या खोलीपर्यंत ९४ पायऱ्या, तीन वळणं, कठडा एकाच बाजूला, तोही लाकडी आणि नुकत्याच पडून गेलेल्या पावसाने बुळबुळीत झालेला. शटल आहे म्हणाले, आहेही, पण मी फोन करून बोलावलं तेव्हा ती छोटी गाडी यायला १८ मिनिटं लागली. काकांनी रात्री जेवून, गुडघे धरून, तिथे १८ मिनिटं उभं राहायचं का, हा विचार फोटो बघताना मनात येत नाही, तिथे उभं राहिलं की येतो.

त्याच बाजूला जेड माउंटन नावाचं रिसॉर्ट आहे, तिथल्या खोल्यांना चौथी भिंतच नाही, समोर सरळ पिटॉन आणि खाली समुद्र, एसी नाही, वारा आणि पंखे. बघून मला खरंच भरून आलं इतकं सुंदर आहे, पण ते दोघांनी जायचं ठिकाण आहे, नातवंडांना घेऊन नाही. अजून एक, या बाजूची मूळची वाळू काळपट करडी असते, ज्वालामुखीची ना. दोन पिटॉनच्या मधल्या शुगर बीचवर पांढरी वाळू दिसते ती बाहेरून आणून टाकलेली आहे. काळी वाळू मला आवडली, पण पांढरी वाळू मनात धरून जाल आणि काळी निघाली तर मुलं हिरमुसतात, म्हणून आधीच सांगते.

उत्तरेला रॉडनी बे आहे, तिथला रेदुई बीच लांबलचक, सपाट, फिकट वाळूचा, पाणी बऱ्यापैकी शांत, चालत जाता येईल एवढ्यावर दुकानं, बँका, खाण्याच्या जागा. तिथे बे गार्डन्स बीच रिसॉर्ट आहे, समोर पाण्यात तरंगणारं वॉटर पार्क, नातवंडं तिथून हलायची नाहीत. जवळच विंडजॅमर लँडिंग, तिथे स्वयंपाकघर असलेले व्हिला मिळतात, १४ जणांना एकत्र बसायला मोठी जागा मिळते, पण तेही उतारावर आहे, तेव्हा खालचाच व्हिला हवा हे लेखी घ्या. सँडल्स या कंपनीची तीन रिसॉर्ट आहेत बेटावर, नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ती फक्त जोडप्यांसाठी, मुलांना घेत नाहीत, त्यात वेळ घालवू नका. दक्षिणेला व्यू फोरला कोकोनट बे आहे, विमानतळाच्या अगदी जवळ, मुलांसाठी भरपूर सोयी, फक्त ती अटलांटिकची बाजू, तिथे वारा आणि लाटा जास्त.

माझं मत विचाराल तर राहा उत्तरेला आणि पिटॉन बघायला एक दिवस बोटीने जा. किनाऱ्याकिनाऱ्याने बोट खाली सूफ्रिएरपर्यंत जाते, तो वळणावळणाचा रस्ता टळतो, आणि एका टोकाला वळसा घातल्यावर ते दोन्ही सुळके समोर येतात तेव्हा बोटीवर एकदम सगळे गप्प झाले होते, गाइडसुद्धा, आणि तो तर रोज बघत असणार.

मुलाला सांगा न्यूयॉर्कहून थेट विमान आहे, साधारण पाच तासांचं, चार दिवस स्वतः जाऊन ये. १४ जणांचा एवढा खर्च करायचा तर चार दिवस बघण्यात गेले तर काही बिघडत नाही.

रिसॉर्ट बघायला गेल्यावर नक्की बघायचं काय? आम्हाला तर सगळंच छान वाटेल. (ठाणे)

खरंय, छानच वाटतं, म्हणून वही घेऊन जायचं. मी नेहमी आधी मेल करून साइट इन्स्पेक्शनची वेळ घेते, सेल्सचं कुणीतरी फिरवतं, आणि ते सगळ्यात चांगली रिकामी खोली दाखवतात. ती बघा, कौतुक करा, मग म्हणा आता आम्ही जी घेणार आहोत त्या प्रकारातली सगळ्यात खालची खोली दाखवा. एका ठिकाणी "पार्शल सी व्ह्यू" म्हणून जी खोली होती तिच्या गॅलरीत डाव्या कोपऱ्यात जाऊन वाकून बघितलं तर दोन झाडांच्या मधे बोटभर निळं दिसत होतं. खोटं काही नव्हतं, पण पैसे त्या बोटभर निळ्याचेच लावले होते.

बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून बघा किती वेळाने गरम येतं. बेडवर बसा. खोलीचं दार लावून दोन मिनिटं गप्प उभं राहा, जनरेटर, किचनचा पंखा, बारचं म्युझिक जे काय असेल ते तेव्हा ऐकू येतं. शक्य झालं तर एक रात्र तिथे राहा, कारण दुपारी शांत असलेली जागा रात्री अकराला शांत असेलच असं नाही. मग समुद्रात उतरा, नुसतं बघू नका, पायाखाली वाळू आहे की गोटे ते उतरल्याशिवाय कळत नाही.

ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे काय काय ते एकेक विचारा. विमानतळावरून आणणं-नेणं धरलंय का, हे सगळ्यात आधी, कारण हेवनोरा विमानतळ दक्षिण टोकाला आणि रॉडनी बे उत्तरेला, दीड तासाचा रस्ता आहे, टॅक्सीचं भाडं चांगलंच लागतं. टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज धरून भाव मागा. आणि डिपॉझिट परत मिळायची अट लेखी घ्या. दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या बेटावर माझ्याच एका ग्रुपचे पैसे अडकले होते, वादळ आलं, विमानं रद्द झाली, आणि रिसॉर्ट म्हणालं आमचं तर चालू होतं, तुम्ही आला नाहीत. पाच महिने मेल लिहीत होते, अर्धे मिळाले. त्या लोकांनी माझ्यावर विश्वास टाकून पैसे दिले होते, ते मला अजून लागतं. तेव्हापासून विमान रद्द झालं तर काय, ही ओळ असल्याशिवाय मी एक रुपया भरत नाही.

व्हिसा, विमान, पैसे? (पुणे, संभाजीनगर आणि आणखी बरेच)

व्हिसाचे नियम बदलतात, म्हणून मी इथे छापत नाही, तिकीट काढायच्या आधी सेंट लूशियाच्या सरकारी साइटवर किंवा त्यांच्या वकिलातीत विचारा. पण एक गोष्ट लोक विसरतात ती सांगते, भारतातून थेट विमान नाही, वाटेत बदलावं लागतं, आणि अमेरिकेतून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडन आणि टोरांटोहूनही थेट विमानं आहेत, तिथले ट्रान्झिटचे नियमही बघून घ्या.

चलन ईस्ट कॅरिबियन डॉलर, एका अमेरिकन डॉलरला २.७०, हा दर १९७६ पासून तोच बांधलेला आहे. अमेरिकन डॉलर सगळीकडे चालतात, फक्त सुट्टे परत देताना त्यांचे डॉलर देतात. टॅक्सीला मीटर नसतो, म्हणून बसायच्या आधी भाडं ठरवा, आणि कुठल्या डॉलरमध्ये तेही बोला, दोघांनाही नुसतं डॉलरच म्हणतात तिथे. गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, प्लग इंग्लंडसारखे चौकोनी तीन पिनांचे. आणि हो, मिलिटरीच्या डिझाइनचे, तो हिरव्या ठिपक्यांचा कॅमोफ्लाज असतो तसे कपडे, टोपी, मुलांची सॅकसुद्धा नेऊ नका, सामान्य माणसाने ते वापरायला तिथे कायद्याने बंदी आहे.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी तर नाही ना राहणार? (सांगली)

अजिबात नाही, उलट तुम्हाला घरच्यासारखं वाटेल आणि मी हे उगाच म्हणत नाही. तिथे अळू आहे. डशीन म्हणतात, त्याच्या पानांचं कॅलालू म्हणून सूप करतात, हिरवंगार, दाटसर, पहिला चमचा घेतला आणि मला आमच्या घरचं अळूचं फदफदं आठवलं, आंबटपणा आणि शेंगदाणे सोडले तर. फक्त विचारून घ्या, त्यात पुष्कळदा खेकडा किंवा खारवलेलं मांस घालतात. नीरफणस आहे, ब्रेडफ्रूट म्हणतात, निखाऱ्यावर भाजून साल काढून देतात, कोकणातले लोक कापं करतात तोच. कच्ची केळी तर रोजची, तिथे कच्च्या केळ्याला "ग्रीन फिग" म्हणतात, अंजिराशी काही संबंध नाही, ती उकडलेली केळी आणि खारवलेला मासा हा त्यांचा राष्ट्रीय पदार्थ, मासा वगळून नुसती केळी मागा, देतात.

रोटीही मिळते, आत बटाटा-चण्याची रस्सेदार भाजी भरून गुंडाळलेली. तिचं मूळ आपल्याकडचंच, गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांवर माणसं हवी होती म्हणून इंग्रजांनी भारतातून करारावर मजूर नेले, सेंट लूशियात पहिलं जहाज १८५९ मध्ये आलं. काही हजार लोक आले, बरेचसे उत्तर प्रदेश-बिहारकडचे, बरेच परतले नाहीत. राजधानी कॅस्ट्रीजच्या बाजारात मसाले विकणाऱ्या एका आजींनी मला विचारलं कुठून आलात, इंडिया म्हटल्यावर म्हणाल्या माझ्या आजीची आजी तिथली. गावाचं नाव काय, भाषा काय, काही माहीत नव्हतं त्यांना. मी पैसे द्यायला लागले तर एक दालचिनीची जुडी वर ठेवली आणि माझी मूठ मिटून दिली. ती अजून संपवली नाहीये मी.

सकाळी कोको टी नक्की प्या, तिथल्याच कोकोचा, दालचिनी-जायफळ घातलेला, सोबत बेक म्हणून तळलेली जाड पुरीसारखी असते.

रिसॉर्टच्या बाहेर बघण्यासारखं काय आहे? आणि ते बीच रिसॉर्टचे प्रायव्हेट असतात का, आम्ही दोघं स्वस्तातल्या गेस्ट हाउसमध्ये राहणार आहोत. (डोंबिवली)

बीच कुणाचे नाहीत, सेंट लूशियात सगळे किनारे सार्वजनिक आहेत, मोठ्यातल्या मोठ्या रिसॉर्टसमोरच्या पाण्यातही तुम्ही उतरू शकता, खुर्च्या-छत्र्या तेवढ्या त्यांच्या. गेस्ट हाउसमध्ये राहताय ते फारच छान, मी शेवटचे तीन दिवस तसंच केलं. मिनीबसने फिरा, नंबर प्लेटवर सुरुवातीला एम असतो, कॅस्ट्रीज ते रॉडनी बेजवळचं ग्रो इले हा रूट १ए, बसतानाच "गुड मॉर्निंग" म्हणायचं, न म्हणता बसलात तर उद्धट समजतात.

सूफ्रिएरला सल्फर स्प्रिंग्ज बघाच. ज्वालामुखीच्या जुन्या मुखाच्या आत गाडी जाते. करड्या चिखलाची डबकी उकळत असतात, पांढरी वाफ, आणि सडक्या अंड्यांचा तो वास, पहिली पाच मिनिटं नको होतं, मग सवय होते. उकळणाऱ्या डबक्यांपासून लांब कठड्यामागूनच बघायचं. खाली कोमट पाण्याचे हौद आहेत, आधी पाण्यात बसायचं, मग बादलीतला चिखल अंगाला चोपडायचा, वाळला की हातावरची कातडी ओढल्यासारखी होते आणि बारीक भेगा पडतात, मग धुवायचं. बायकांनो, जोडवी आणि पैंजण आधी काढून ठेवा, चांदी तिथे काळी पडते. माझी जोडवी दुपारपर्यंत कोळशासारखी झाली, हौदापाशी काम करणारी मुलगी म्हणाली सांगायला विसरले आणि तिलाच वाईट वाटलं, घरी येऊन दात घासायच्या पेस्टने घासली तेव्हा उजळली. जुना स्विमसूट घाला, तो वास कपड्यांतून लवकर जात नाही.

ग्रो पिटॉन चढायचा असेल तर खालच्या फों जों लिब्र गावातून तिथला गाइड घेऊनच जायचं, सकाळी लवकर निघा, जाऊन-येऊन चार-पाच तास. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्याला जमेल, पण दमट हवेत पाणी खूप लागतं. गावाच्या नावाचा अर्थ मुक्त माणसांची दरी, गुलामगिरीतून पळालेले लोक इथे लपून राहायचे, गाइड ते सांगतो तेव्हा थांबून ऐका, पुढच्या फोटोची घाई करू नका.

उत्तरेला पिजन आयलंड, पूर्वी वेगळं बेट होतं, १९७२ मध्ये भराव घालून जोडलं. वरच्या किल्ल्यावरून इंग्रजांचा अॅडमिरल रॉडनी समोरच्या मार्टिनिकवरच्या फ्रेंच आरमारावर नजर ठेवायचा, स्वच्छ हवा असेल तर मार्टिनिक दिसतं. सगळं सेंट लूशियाच फ्रेंच आणि इंग्रजांमध्ये १४ वेळा हातातून हातात गेलं असं सांगतात, म्हणून सरकारी भाषा इंग्रजी, पण घरात आणि बाजारात क्वेयोल, म्हणजे फ्रेंचमधून तयार झालेली तिथली बोली, आणि गावांची नावं बरीचशी फ्रेंच. कॅस्ट्रीजमध्ये डेरेक वॉलकॉट चौकात बसा थोडा वेळ, मोठं पर्जन्यवृक्षाचं झाड आहे. वॉलकॉटना १९९२ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, त्याआधी १९७९ मध्ये आर्थर लुईस यांना अर्थशास्त्राचं, दोघंही याच बेटाचे आणि दोघांचाही वाढदिवस २३ जानेवारी. सगळ्या देशाची वस्ती दोन लाखांच्याही आत. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्युलियन आल्फ्रेडने महिलांच्या १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, देशाचं पहिलंवहिलं पदक, टॅक्सीवाल्याने ते सांगताना गाडी बाजूला घेतली होती.

शुक्रवारी रात्री ग्रो इलेच्या रस्त्यावर गाणी-नाच असतो, आणि आन्स ला रे गावात मासे, मासे खाणाऱ्यांनी ते चुकवू नये. मुलं बरोबर असतील तर एक काळजी घ्या, किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, अतिशय विषारी, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी गळणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात. काही ठिकाणी खोडाला लाल पट्टा किंवा पाटी असते, सगळीकडे नसते, तिथल्या माणसाला विचारून मगच सावलीला बसा.

कधी जावं? दिवाळीच्या सुट्टीत चालेल का? (नागपूर)

वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. दरवर्षी वादळ या बेटावर येतंच असं नाही, पण २०१० मध्ये टोमास आलं ते ऑक्टोबरच्या अखेरीला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, आणि दरडी कोसळून सूफ्रिएरकडे फार नुकसान झालं. म्हणून वयस्कर माणसं आणि मोठा ग्रुप असेल तर मी दिवाळीत जा म्हणणार नाही. कोरडे महिने साधारण डिसेंबर ते मे, त्यात डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत भाव सगळ्यात चढे. मला विचाराल तर एप्रिलचा शेवट किंवा मे, भाव उतरलेले, पाऊस अजून लांब, आपल्या मुलांच्या परीक्षाही झालेल्या. पूर्वेच्या अटलांटिक किनाऱ्यावर काही महिने सर्गासम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ ढिगांनी येऊन सडतं, पश्चिमेला त्याचा त्रास कमी, तरी बुक करताना विचारून ठेवा.

ताई, माझे बाबा क्रिकेटचे वेडे. त्यांना घेऊन बहिणीकडे न्यूयॉर्कला जातोय आणि तिथून चार दिवस सेंट लूशिया. २०२४ च्या वर्ल्ड कपचं ते ग्राउंड बघता येईल का? (रत्नागिरी)

अरे, नक्की ने त्यांना. डॅरेन सॅमी ग्राउंड, ग्रो इलेला, रॉडनी बेपासून अगदी जवळ. पूर्वी नाव बोसेजूर होतं, सॅमीने कॅप्टन म्हणून दुसरा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकल्यावर २०१६ मध्ये त्याचं नाव दिलं, वेस्ट इंडिजच्या पुरुष संघाकडून खेळलेला तो सेंट लूशियाचा पहिला खेळाडू. बाबांना तर पाठच असेल, २४ जून २०२४ ला आपल्या रोहितने इथेच ऑस्ट्रेलियाला ४१ चेंडूंत ९२ मारले, २००६ ची सेहवागची १८० ची टेस्ट इनिंग इथलीच आणि २०१० मध्ये रैनाचं शतकही. मॅच नसताना आत सोडतात की नाही ते त्या दिवशी गेटवरच्या माणसावर असतं. मी दुपारी गेले, गेटवरच्या काकांना म्हटलं मुंबईकडची आहे, पाच मिनिटं फक्त, त्यांनी आधी "रोहित?" एवढंच विचारलं आणि साखळी काढली. टेकडीच्या बाजूच्या गवतावर बसले, आत एक माणूस एकटाच रोलर फिरवत होता. सकाळी दहाच्या आत जा, नंतर ऊन फार लागतं, आणि बाबांसाठी टोपी आणि पाणी बरोबर ठेव, आसपास दुकान नाही.